सर्पजिभा नव्हेत, शार्कचे दात

सर्पविष शोषून घेणाऱ्या खड्याची जाहिरात परवा मोबाइलवर आली आणि मला माल्टा आठवलं. सिसिलीच्या दक्षिणेचा हा चिमुकला देश, शेजारची बेटं धरूनही 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्मा.

इ.स. 60 च्या सुमारास संत पॉलचं जहाज इथे फुटलं, अशी श्रद्धा आहे. शेकोटीत काटक्या टाकताना त्याच्या हाताला साप डसला, त्याने तो झटकून टाकला आणि त्याला काहीच झालं नाही, असं बायबल सांगतं. पुढे लोककथेने भर घातली: पॉलच्या शापाने बेटावरच्या सापांचं विष गेलं आणि त्यांच्या जिभा दगडात उरल्या. माल्टाच्या पिवळसर चुनखडीत सापडणारे हे त्रिकोणी, चकचकीत, करवती कडांचे 'जिभांचे दगड' विषावर उतारा म्हणून युरोपभर गेले. लोक ते दारूच्या पेल्यात बुडवत.

1666 मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक अजस्र शार्क मिळाला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनातज्ज्ञाकडे आलं. जबडा उघडला, तर आत रांगाच रांगा होत्या त्याच 'जिभांच्या'! फाबियो कोलोन्ना या इटालियन निसर्गअभ्यासकाने 1616 मध्येच हे दात असल्याचं म्हटलं होतं. स्टेनोने 1667 मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे ते मांडलं.

पण दातच एवढे का सापडतात? मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, कालवण खाणाऱ्याला ठाऊक असतं, तिला इतर माशांसारखे टणक काटे नसतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो बहुधा कुजून जातो. दात मात्र आयुष्यभर पडत राहतात, मागची रांग पुढे सरकते. एकेका शार्कचे हजारो दात समुद्रतळाशी जातात. वर त्यांचं कवच फ्लुअरॅपटाइट या खनिजाचं. आपल्या दातांच्या स्फटिकात जिथे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, तिथे यात फ्लुओराइड बसलेला असतो. त्याने स्फटिकाची वीण घट्ट होते आणि आम्लात तो सहज विरघळत नाही. फ्लुओराइडची टूथपेस्ट हेच थोड्या प्रमाणात करते. गाळात पुरल्यावर आतल्या सच्छिद्र दंतिनात, म्हणजे कवचाखालच्या थरात, भूजलातली खनिजं मुरतात. दाताचा रंग त्यांवरून ठरतो, वयावरून नव्हे.

आणि खडा? विष दंशातून ऊतींत आणि रक्तात पसरतं. कातडीवर ठेवलेला दगड ते ओढून काढू शकत नाही. सर्पदंशावर उपाय रुग्णालयातलं प्रतिविष, आणि तिथे पोचण्यातला वेळ खड्यापायी घालवणं जिवावर बेततं.

माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, 1565 च्या ऑटोमन वेढ्यानंतर व्हॅलेटा ही राजधानी उभारली ती दात सापडणाऱ्या याच चुनखडीत. तिचं नाव ग्लोबिजेरिना, त्या सूक्ष्म सागरी जीवांवरून, ज्यांची कवचं या दगडात खच्चून भरली आहेत.