पांढऱ्या चट्ट्याची पायरी

तोंडात पांढरा चट्टा दिसला की दंतवैद्य आधी गॉजने तो पुसून पाहतात. पुसला गेला तर बहुधा बुरशी. दाताची तुटकी कड तिथे घासत असेल, तर ती गुळगुळीत करून दोनेक आठवडे थांबायचं. तरीही चट्टा हटत नाही आणि दुसरं कारणही सापडत नाही, तेव्हा त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. म्हणजे सगळं वजा करून जे उरलं, त्याचं हे नाव. आत काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

ते कळायला बायोप्सीच लागते. तुकडा कुठून घ्यायचा, यातही डोकं लागतं. पांढऱ्यात लालसर भाग मिसळला असेल तर तिथून घ्यावा, कारण लाल भागात बिघाड जास्त असण्याची शक्यता मोठी.

त्या तुकड्याचे चार-पाच मायक्रोमीटर जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात. केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीची पेशी गुलाबी. निरोगी अस्तरात तळाच्या पेशी रांगेत उभ्या असतात, विभाजन तळाशीच चालतं आणि वर सरकता सरकता पेशी चपट्या होत जातात. डिस्प्लेसियात, म्हणजे कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या पेशींच्या बिघाडात, ही शिस्त मोडते. केंद्रकं फुगलेली, गडद, एकीसारखी दुसरी नाही. विभाजन चालू असलेली पेशी पार वरच्या थरात सापडते. अस्तराची खाली उतरलेली बोटं टोकाशी थेंबासारखी फुगतात.

प्रतवारीची जुनी रीत सोपी आहे. बिघाड खालच्या तिसऱ्या हिश्श्यापुरता असेल तर सौम्य, मधल्या हिश्श्यापर्यंत गेला तर मध्यम, त्याहून वर तीव्र. कागदावर सोपी, एवढंच! तळाशीच असलेल्या पेशी फारच विद्रूप असतील, तर उंची कमी असूनही तीव्र म्हणावं लागतं. शिवाय निसर्गाने तिथे रेघा मारलेल्या नाहीत. एकाच काचेवर दोन पॅथॉलॉजिस्टांचं मत वेगळं पडतं. तीच काच काही आठवड्यांनी पुन्हा दाखवली, तर कधी कधी एकाचंच स्वतःशी जुळत नाही. सगळ्यात जास्त घोळ 'मध्यम'चा. म्हणून 2006 मध्ये दोनच प्रती सुचवल्या गेल्या : रचनेतले किमान चार आणि पेशींतले किमान पाच दोष दिसले तर उच्च, नाहीतर निम्न. यात मतं जास्त जुळतात, पण दोष मोजणारा डोळा माणसाचाच.

प्रत वाढते तशी कर्करोगाची शक्यताही वाढते, पण एकेका रुग्णाचं भाकीत त्यातून होत नाही. तीव्र चट्टा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, सौम्य चट्टा कर्करोगात पलटू शकतो. आणि अहवाल असतो फक्त काढलेल्या तुकड्याचा. अहवालात 'सौम्य' आहे आणि तोंडातला चट्टा मात्र खरखरीत, लालसर, कडेला कडक लागतोय, तर चांगला डॉक्टर कागदावर विसंबत नाही. दुसऱ्या जागेवरून पुन्हा तुकडा घेतो.