पिंपळपानाची जाळी आणि बडोद्याचा दोर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात जुनी पोथी उघडली, तर आत दसऱ्याचं आपट्याचं पान असतं, नाहीतर पिंपळाचं जाळीदार पान. आपटा आपोआप वाळतो. जाळी मात्र करावी लागते: पान काही आठवडे पाण्यात कुजत ठेवायचं, गर सुटला की मऊ ब्रशाने हलकेच झाडायचा. शिरा तेवढ्या उरतात. देवावरचं निर्माल्य मात्र कोणी जपत नाही, ते विसर्जन करायचं. वाळवलेल्या वनस्पतींची शिल्पं बघताना मला हे दोन्ही रिवाज एकदम आठवतात.

झाडपाला दाबून, सुकवून कागदावर डकवण्याची पद्धत 16व्या शतकात इटलीत वनस्पतिशास्त्रज्ञ लुका गिनी यांनी रुजवली. हेतू ओळख पटवण्याचा, प्रतीकांचा नव्हे. पानातल्या पाण्याची जागा ग्लिसरीनला देऊन ते लवचीक ठेवणं ही पुढची युक्ती (रंग बहुधा तपकिरी होतो, ते असो). कलेत 1967 नंतर इटलीच्याच ‘आर्ते पोवेरा’ या कलाचळवळीने झाडं आणि मातीला मान दिला. 1991 मध्ये ब्रिटिश कलाकार अन्या गॅलाचिओ यांनी जरबेराची शेकडो फुलं काचेमागे दाबून चक्क सडू दिली. नाव दिलं ‘प्रिझर्व्ह ब्यूटी’!

बडोद्याची वाट वेगळी. 1950 साली सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं. तिथे शिकवणारे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी कलाकुसर आणि कला यांच्यातली भिंत फारशी मानली नाही. त्यांच्या विद्यार्थिनी, शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (1949–2015) 1970च्या दशकात वनस्पतीच्या तंतूंच्या दोराकडे वळल्या. असला दोर निघतो कसा? ताग-अंबाडीसारखाच: खोडं पाण्यात कुजत घालायची, मऊ भाग सडून जातो, तंतू टिकतात. म्हणजे पोथीतल्या पिंपळपानाचीच तऱ्हा.

विणकामाचा माग नाही, आधी काढलेला पक्का आराखडा नाही. हाताने गाठीवर गाठ. त्यातून माणसापेक्षा उंच ‘यक्षी’ (1984) आणि ‘वनश्री’ (1994) ही शिल्पं उभी राहिली. घड्या, कडा, पाकळ्यांसारखे ओठ. देवता की फूल, सांगवत नाही. गाठींचं काम म्हणून काहींनी त्याला हस्तकलेच्या खान्यात टाकलं. हा अन्यायच होता.

पुढे मुखर्जी ब्राँझकडे गेल्या आणि ‘पामस्केप’ मालिकेत ताडमाडाच्या पात्यांचे आकार ओतले. मेणाचा नमुना, त्यावर साचा. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू शिरतो.