संशोधनलेखनाचे व्यावसायिक संपादन

शोधप्रबंध, शोधनिबंध किंवा संशोधनपर ग्रंथ विद्यापीठाकडे अथवा नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी त्याची भाषा, मांडणी, संदर्भ आणि अंतर्गत सुसंगती मोबदला देऊन जाणकाराकडून तपासून घेण्याची पद्धत. हे काम एकेकटे मुक्त संपादक करतात, तसेच त्यासाठी उभ्या राहिलेल्या कंपन्याही करतात. मार्गदर्शक संशोधनाला दिशा देतो आणि परीक्षक ते स्वीकारण्याजोगे आहे की नाही ते ठरवतो. संपादकाने मात्र संशोधन आहे तसे धरून ते वाचकाला नीट कळेल एवढेच पाहायचे असते. व्यवहारात या तिघांच्या हद्दी एकमेकींत मिसळतात, आणि संपादक निवडताना होणारे बहुतेक घोळ तिथेच सुरू होतात.

या व्यवसायाचे मोठे केंद्र मुंबई आहे, हे संशोधकांनाही अनेकदा ठाऊक नसते. ‘एडिटेज’ ही सेवा चालवणारी कॅक्टस कम्युनिकेशन्स २००२ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि ‘एनागो’ चालवणारी क्रिम्झन इंटरॅक्टिव्ह २००५ मध्ये. दोन्ही कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः जपान, कोरिया, चीन अशा देशांतले संशोधक आहेत. प्रयोग आपल्या भाषेत करायचे आणि निबंध मात्र इंग्रजीत छापायचा, अशी त्यांची अडचण. पुढे स्प्रिंगर नेचर, एल्सेव्हिअर यांसारख्या प्रकाशकांनीही स्वतःच्या संपादनसेवा काढल्या. त्या घेतल्याने निबंध स्वीकारला जाईलच असे नाही, हे हे प्रकाशक स्वतःच स्पष्ट सांगतात. त्यामुळे ‘छापून देण्याची हमी’ देणारा संपादक भेटला, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवलेले बरे.

संपादनाच्या पायऱ्या ढोबळमानाने तीन. मुद्रितशोधनात टंकनाच्या चुका, विरामचिन्हे, तक्त्यांचे क्रमांक पाहिले जातात. भाषिक संपादनात वाक्यरचना, परिभाषेतली एकवाक्यता आणि संदर्भांची शैली येते. आशय-संपादनात प्रकरणांचा क्रम, युक्तिवादातल्या फटी, अनावश्यक मजकूर यांवर शेरे दिले जातात. दर बहुधा शब्दांवर ठरतो. ‘पानाचा’ दर सांगितला असेल, तर पान किती शब्दांचे ते आधी विचारावे. इंग्रजी संपादनात ते २५० शब्दांचे धरण्याचा संकेत आहे, पण डीटीपीच्या दुकानातले पान त्याहून बरेच भरगच्च असू शकते. ज्याला आशय-संपादन हवे आहे तो मुद्रितशोधनाचे पैसे देतो आणि मग ‘काहीच केले नाही’ म्हणून तक्रार करतो, हे नित्याचे आहे.

निवडीचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे नमुना. प्रबंधातली दोनतीन पाने देऊन ती बदलांच्या खुणांसह, म्हणजे ट्रॅक चेंजेस चालू ठेवून, परत मागावीत. समजा, मजकुरात असे वाक्य आहे : ‘संशोधकाद्वारे करण्यात आलेल्या सर्वेक्षणाअंती असे निदर्शनास आले की, ७२ टक्के उत्तरदात्यांचे मत सकारात्मक असल्याचे आढळून आले.’ कामचलाऊ संपादक स्वल्पविराम हलवून पुढे जाईल. बरा संपादक ते ‘सर्वेक्षणात ७२ टक्के उत्तरदात्यांनी अनुकूल मत दिले’ असे करील. चांगला संपादक त्यापुढे समासात लिहील : ‘तक्ता ४.३ मध्ये ६८ टक्के आहे. कोणता आकडा बरोबर? अनुकूल मत कशाबद्दल?’ तो आकडा आपल्या मनाने बदलणार नाही. त्यामुळे नमुना परत आल्यावर लाल खुणा मोजण्यापेक्षा समासातले प्रश्न वाचावेत. विषय संपादकाच्या डोक्यात शिरला आहे की नाही ते त्यांतूनच कळते. इंग्रजी निबंधात याहून सूक्ष्म धोका असतो. ‘सजेस्ट’च्या जागी ‘प्रूव्ह’ आले की वाक्य जोरकस होते, पण निष्कर्ष पुराव्याच्या पुढे जातो. म्हणून विषयाची ओळख असलेला संपादक लागतो. जीवशास्त्र-वैद्यक क्षेत्रासाठी १९९१ मध्ये स्थापन झालेले ‘बोर्ड ऑफ एडिटर्स इन द लाइफ सायन्सेस’ हे मंडळ परीक्षा घेऊन संपादकांना प्रमाणित करते. मानव्यविद्यांच्या बाबतीत मात्र संपादकाने आधी केलेले काम पाहणे आणि ज्यांचे काम केले त्यांच्याशी बोलणे, एवढाच उपाय हाताशी राहतो.

साहाय्य कुठवर चालते, याबद्दल लिखित नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वासाठी चार निकष लावते. केवळ भाषिक संपादन किंवा मुद्रितशोधन केल्याने कोणी लेखक ठरत नाही. अशा मदतीचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा, असे ती सांगते. ऑस्ट्रेलियात पदवीसाठीच्या प्रबंधांच्या संपादनाची वेगळी मार्गदर्शक सूत्रे आहेत आणि त्यांत व्यावसायिक संपादकाचा हात मुख्यतः भाषा व पूर्णता यांपुरता ठेवला आहे. आशयात हात घालणे हे मार्गदर्शकाचे काम. पदवी विद्यार्थ्याला मिळायची असल्याने ही रेघ ओढणे योग्यच आहे. आपल्याकडे विद्यापीठाचा असा नियम हाती नसेल, तर काम देण्याआधी मार्गदर्शकाला विचारून त्याची संमती लेखी घ्यावी.

भारतात संपादनाच्या नावाखाली बरीच विकली जाणारी गोष्ट म्हणजे ‘साम्य कमी करून देणे’. साम्य म्हणजे इतरांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचे संगणकाने मोजलेले प्रमाण. त्याचे मूळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांत आहे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, रीतसर दिलेली अवतरणे हे सगळे मोजणीतून वगळले जाते. योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळले जातात. एवढी सवलत असताना आकडा चढला, तर उपाय एकच : मूळ लेखन पुन्हा समजून घेऊन, संदर्भ देऊन, स्वतःच्या शब्दांत लिहिणे. दुकानदार मात्र शब्दांच्या जागी यंत्राने समानार्थी शब्द घालतो. अशा मजकुराची लक्षणे २०२१ मध्ये काही संशोधकांनी उघड केली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बोसम पेरिल’ झालेले निबंध छापून आले होते! साम्याचा आकडा उतरतो, पण चोरी तशीच राहते, आणि वर मजकूर हास्यास्पद होतो.

याच्या पलीकडे उघड गैरव्यवहार आहेत. चीनमध्ये लेखकांच्या यादीतली जागा पैसे घेऊन विकली जाते, हे ‘सायन्स’ नियतकालिकाने २०१३ मध्ये पुढे आणले. मार्च २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रल या प्रकाशनसंस्थेने ४३ निबंध मागे घेतले, कारण त्यांच्या परीक्षणात बनावट परीक्षक घुसवले गेले होते, आणि त्यामागे लेखकांना ‘मदत’ करणाऱ्या मध्यस्थ संस्था असल्याचा संशय व्यक्त झाला. निबंध नियतकालिकाकडे पाठवण्यासाठी स्वतःच्या खात्याचा पासवर्ड कोणाही संपादकाला देऊ नये आणि परीक्षकांची नावे त्याला सुचवू देऊ नयेत, हा धडा त्यातूनच आला.

मराठी प्रबंधांची परिस्थिती निराळी आहे. इथे बड्या कंपन्या फारशा फिरकत नाहीत. काम निवृत्त प्राध्यापक, प्रकाशनसंस्थांतले मुद्रितशोधक आणि काही मुक्त संपादक करतात, आणि ओळखीतूनच मिळते. शुद्धलेखनाला आधार मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचा : १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार. खरी डोकेदुखी फॉन्टची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षरे फुटतात. हे संपादन झाल्यावर केले तर सारी मेहनत पाण्यात जाते. म्हणून रूपांतर आधी, संपादन मागून. संदर्भसूचीत मराठी आणि इंग्रजी ग्रंथ एकत्र लावायचे की वेगळे, आडनाव आधी द्यायचे की नाव, हे संपादकाला पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर तो आपली पद्धत लावतो आणि मार्गदर्शक ती पुन्हा उलटी फिरवतो.

भाषा सुधारणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता संपादकही वापरतात. प्रकाशननीतीसंबंधी काम करणाऱ्या ‘कोप’ या समितीने २०२३ मध्ये अशी साधने लेखक ठरू शकत नाहीत आणि त्यांचा वापर जाहीर करावा, अशी भूमिका घेतली. संपादकाला विचारायचा प्रश्न त्याहून साधा आहे : माझा अप्रकाशित मजकूर तुम्ही कोणत्या साधनात टाकणार? मुलाखती, रुग्णांची माहिती किंवा पेटंटजोगे काही त्यात असेल, तर याचे उत्तर करारात लेखी हवे. त्याच करारात कामाची पायरी, शब्दसंख्या, मुदत आणि परत आलेल्या प्रतीवर एक शंकानिरसनाची फेरी हेही घालावे.

कंपन्या कामाअखेर ‘संपादन प्रमाणपत्र’ देतात आणि काही नियतकालिके ते मागतातही. ते दिलेल्या प्रतीपुरते असते. त्यानंतर लेखकाने कोणते बदल स्वीकारले, कोणते फेटाळले आणि रात्रीतून कोणता नवा परिच्छेद घातला, याची हमी त्यात नसते.