चिरलेलं वांगं काळं पडू नये म्हणून: मिठाच्या पाण्यामागची गोष्ट

आमच्याकडं गावात लग्न नाहीतर भंडारा असला की वांगी आदल्या रात्रीच चिरतात, बाया पावश्या मांडून बसतात आन फोडी थेट मिठाच्या पाण्याच्या गंजात, वर तरंगल्या तर ताट दाबून ठेवायचं हा आजीचा दंडक. ती बरोबरच होती. चिरलं की पेशी फुटतात, आतली फिनॉल नावाची रसायनं आन पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, जे एरवी वेगवेगळ्या कप्प्यात असतात, ते एकमेकांना भेटतात आन हवेतला ऑक्सिजन मिळाला की रंग तपकिरी. पाण्यात बुडवलं की हवा तुटते, मीठ त्या एन्झाइमला थोडं दाबतं. (लोखंडी पावशीचा निळसर काळेपणा वेगळा, तो लोखंड आन टॅनिनचा.)

हे एन्झाइम पहिल्यांदा वांग्यात नाही, मशरूममध्ये सापडलं, 1895च्या सुमारास फ्रान्समध्ये बूर्केलो आन बर्त्रां या दोघांना, कापल्यावर काळं पडणाऱ्या मशरूमचा ते अभ्यास करत होते.

मला यातला सगळ्यात आवडणारा माणूस म्हणजे हंगेरीचा आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी. बटाटा, केळं कापलं की काळं पडतं मग लिंबू-संत्रं का नाही, एवढा साधा प्रश्न त्यानं धरून ठेवला, म्हणजे आपण नागपुरी संत्र्याची फोड हातात धरून रोज पाहतो तेच! प्रयोगात लिंबूवर्गीय रस टाकला की रंग यायला थोडा उशीर लागायचा, त्या उशिराचं कारण शोधता शोधता 1928मध्ये त्यानं एक पदार्थ वेगळा काढला, तोच पुढं व्हिटॅमिन सी निघाला, आन 1937ला नोबेल मिळालं. काळं पडू पाहणाऱ्या रसायनाला हे व्हिटॅमिन परत मागं वळवतं, पण स्वतः खर्च होत जातं, म्हणून लिंबू लावलेली फोडही उशिरा का होईना काळी पडतेच.

मधल्या काळात अमेरिकेत हॉटेलवाल्यांनी सॅलड ताजं दिसावं म्हणून सल्फाइट नावाचं काळं पडणं रोखणारं रसायन मारायला सुरुवात केली, दम्याच्या लोकांना त्याचा जबर त्रास झाला, काही जीव गेले, शेवटी 1986ला कच्च्या खायच्या फळ-भाज्यांवर त्याला बंदी आली. नुसत्या दिसण्यापायी लोकांचे जीव जावे हे मला अजूनही पचत नाही.

काळं पडणं पूर्ण बंद करायचं तर उकळत्या पाण्यातून काढणं, एन्झाइमच मरतं, पण मग फोड कच्ची राहत नाही. रात्रभराच्या वांग्याला अजून तरी मिठाचं पाणी आन वरून ताट.