‘पिशवीला सूज’ आणि तिच्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

जळगाव, धुळ्याकडे सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘बल्की युटेरस’ (म्हणजे मोठं झालेलं गर्भाशय) असं छापून आलं की घरी पोचेपर्यंत त्याची ‘पिशवीला सूज’ झालेली असते. मग सल्ला द्यायला डॉक्टरही लागत नाही; शेजारीण सांगते, पोरं झाली ना, टाक काढून. या घाईला नुसतं अज्ञान म्हणून चालणार नाही. अशा रिपोर्टामागे बरेचदा अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूत वाढण्याचा आजार, असतो, आणि कितीतरी दशकं हा आजार पिशवी काढल्यावरच कळत असे.

गर्भाशयाच्या स्नायूत ग्रंथी आढळल्याची नोंद व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये केली. त्या तिथे आल्या कुठून, यावरून पुढे जुंपली. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउसेन यांनी १८९६ मध्ये सांगितलं, की हे भ्रूणावस्थेतल्या नलिकांचे उरलेले अवशेष आहेत. बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ थॉमस कलन यांनी वाद घालत बसण्यापेक्षा काढलेल्या गर्भाशयांचे काप तपासले. स्नायूतल्या ग्रंथींचा माग घेत ते मागे गेले, तर वाट थेट आतल्या अस्तराला जाऊन मिळत होती. १९०८ च्या त्यांच्या ग्रंथाने चित्र पालटलं. ‘अ‍ॅडेनोमायोसिस’ हे नाव १९२५ मध्ये ऑस्कर फ्रँकल यांनी रूढ केलं.

अस्तर स्नायूत शिरतंच कसं? गर्भाशयाचं अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये वेगळा थरच नसतो. बाळंतपण, सिझर, क्युरेटिंग यांमुळे तिथे इजा होते, ती भरून येताना अस्तर आत घुसतं, असा एक विचार. तिथेच तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याला खतपाणी घालतं. पण मूल न झालेल्या तरुणींतही आजार दिसतो, तेव्हा स्नायूतल्या मूळ पेशींपासूनच (स्टेम सेल) असं अस्तर तयार होत असावं, असा दुसरा विचार पुढे आला. माझ्या मते कारण एकच शोधण्याचा हट्ट सोडलेला बरा. घुसलेल्या अस्तराभोवतीचा स्नायू जाडावतो, पिशवी गोलसर फुगते, पाळीत कळा येतात आणि अंगावर जास्त जातं.

खानदेशात हे दुखणं कामाच्या खात्यावर जमा होतं. कमरेला झोळी बांधून दिवसभर कपाशी वेचणाऱ्या बाईची कंबर दुखली, तर त्यात नवल कुणाला वाटणार? रक्त कमी होत होत धाप लागते, तेव्हा कुठे दवाखाना.

१९८० च्या दशकात एमआरआय आला आणि पिशवी न कापता अस्तरालगतचा स्नायूचा थर मोजता येऊ लागला. तो १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर संशय बळावतो. आता योनीमार्गाने केलेल्या सोनोग्राफीतही बरंच कळतं. निदान आधी होऊ लागल्याने उपचारही बदलले: डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळ्या, किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू. पिशवी काढणं आजही कायमचा इलाज आहे, काहींना तो लागतोच. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना बजावलं. पाळी कायमची थांबली की हा त्रास बहुतेकींचा आपोआप ओसरतो, त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईने ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एवढं विचारावं: तोवर गोळ्यांवर भागेल का?