मेंदूतली दुर्मिळ गाठ: नाव ठरतं कसं?

चाळिशीत पहिल्यांदा आकडी आली आणि एमआरआयमध्ये कड चमकणारी गाठ दिसली, की आपल्याकडे आधी शंका येते ती टीबीची, नाहीतर पट्टकृमीच्या अळीची. मराठवाड्यात ती गैर नाही. दोन्ही आजार इथे दिसतात. घोळ पुढे होतो. मेंदूच्या टीबीच्या गोळ्यांसोबत सूज उतरवायला स्टेरॉइड देतात. गाठ मुळात लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, असेल तर ती स्टेरॉइडनेच काही काळ विरघळते. ‘औषध लागू पडलं’ असं वाटतं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती परत उगवते. त्या काळात बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला, तरी त्यात नेमक्या पेशी बऱ्याचदा सापडत नाहीत. म्हणून लिम्फोमाची शंका असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आधी बायोप्सी, मग स्टेरॉइड. सुईने घेतलेला नमुना पुरतो. लिम्फोमावर उपचार मुख्यतः मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. सोबत भरपूर सलाईन, त्याचा विषारी परिणाम उतरवणारं ल्यूकोव्होरिन आणि औषधाच्या रक्तातल्या पातळीवर लक्ष.

कवटी न उघडता गाठ स्पष्ट दिसू लागली ती १९७१पासून. लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये त्या वर्षी पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. पण स्कॅन जागा दाखवतो, जात नाही. जात ठरवायची रीत १९२६ची: बेली आणि कुशिंग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून ग्लायोमांची, म्हणजे मेंदूतल्या आधार-पेशींसारख्या दिसणाऱ्या गाठींची, वर्गवारी केली. ती दीर्घकाळ चालली, पण ऑलिगोडेंड्रोग्लायोमा (थोडक्यात ऑलिगो) आणि अ‍ॅस्ट्रोसायटोमा या ग्लायोमांच्या दोन प्रकारांच्या सीमेवर दोन जाणकारांचं एकमत होईना. मग ‘मिश्र’ लिहून सुटका. १९९४मध्ये ऑलिगो गाठींत १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग जोडीने गळालेले आढळले. २००८मध्ये ग्लायोमांत आयडीएच या जनुकातला बदल सापडला. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जनुकीय खुणा नावातच घेतल्या आणि २०२१च्या पाचव्या आवृत्तीत हे आणखी पक्कं झालं. आता दोन्ही खुणा असतील तरच ऑलिगो. हा शब्दांचा खेळ नव्हे: २०१३मध्ये आलेल्या, रुग्णांवरच्या दोन उपचार-चाचण्यांच्या दीर्घ पाठपुराव्यात, १पी-१९क्यू गळालेल्या रुग्णांना रेडिएशनसोबत प्रोकार्बाझीन, लोमस्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही केमोची औषधं दिल्याने आयुष्य लक्षणीय वाढलं.

छत्रपती संभाजीनगरात घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, २०१२पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. तरी जनुकीय तपासणीसाठी नमुना बहुधा मुंबई-पुण्याला जातो, आणि तिथे नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. लागतो तो गाठीचा तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातून किंवा लॅबमधून तो अर्ज देऊन मिळतो. काढलेला तुकडा सलाईनमध्ये पडून राहिला तर कुजतो. तो लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या साधारण दहापट द्रावणात, रुंद तोंडाच्या डब्यात जायला हवा. आठवडाभर फॉर्मॅलिनमध्येच ठेवला तर डीएनए खराब होतो, आणि मग चाचणीचा निकाल लागेलच असं नाही.