भाड्यासाठी फ्लॅट घ्यायचा, पण मुंबईत की पुण्यात? या प्रश्नामागचा इतिहास

भाड्याच्या उत्पन्नासाठी शहर निवडताना आज बोलणं होतं ते किमतीचं, मेट्रोचं आणि आयटी कंपन्यांचं. महाराष्ट्रात मात्र बराच काळ पहिला प्रश्न वेगळाच असायचा: दिलेलं घर परत मिळेल का?

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळातच आलं होतं. 1947 च्या कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं आणि हंगामी म्हणून आणलेला तो कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धं शतक टिकला. पागडी, म्हणजे ताबा मिळवण्यासाठी भाड्याशिवाय मोजायची मोठी रक्कम, कशी फोफावली ते सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूर-विदर्भात आणि मराठवाड्यात कायदे वेगळे होते, त्यामुळे शहर बदललं की मालकाचे हक्कही बदलत.

घरमालकांनी यातून काढलेली वाट म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. राहणारा भाडेकरू नाही, नुसता परवानगीने राहणारा, म्हणून त्याला संरक्षण नाही. मग 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर घराचा ताबा असलेल्या लायसन्सधारकांना थेट भाडेकरू ठरवण्यात आलं. दुरुस्तीची बाजू घेणारे म्हणत, हे करार बहुतेक नावापुरतेच होते, आत भाडेकरूच राहत होता आणि त्याला कधीही बाहेर काढता येत होतं. यात तथ्य होतं. पण ज्याने करारावर विश्वास ठेवून घर दिलं, त्याच्या हातातून ताबा एका तारखेने गेला. आत असलेल्यांचं भलं झालं, बाहेर घर शोधणाऱ्यांचं नाही. त्यानंतरच्या करारांना ही तरतूद लागू नव्हती, पण हे समजून घ्यायला कोण थांबतो? 'एकदा झालं, पुन्हा होईल' ही भीती घराघरांत बसली आणि दुसरा फ्लॅट भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणं शहाणपणाचं मानलं जाऊ लागलं. मुंबईच्या भाडेबाजाराचं सर्वाधिक नुकसान माझ्या मते या निर्णयाने केलं, गोठलेल्या भाड्याने नव्हे.

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणित भाड्याच्या, म्हणजे कायद्याने बांधून दिलेल्या भाड्याच्या, तरतुदी आता न्याय्य राहिलेल्या नाहीत असं स्पष्ट म्हटलं. राज्यभर एकच असलेला नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मुदत संपली की लायसन्सधारकाकडून ताबा मिळवण्याची वेगळी, जलद वाट त्यात आहे, आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) असलेल्या कंपन्यांना दिलेली घरं तर नियंत्रणाबाहेरच गेली. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. त्यामुळे नोंदणी टाळायला 11 महिन्यांचा करार करण्यात इथे काही अर्थ नाही. तरी एजंट आजही 11 महिनेच लिहितात.

ताब्याची धास्ती कमी झाली त्याच सुमारास हिंजवडीत आयटी पार्क उभं राहत होतं. पुढे मगरपट्टा, खराडी. मुंबईच्या मानाने कमी किमतीत टू बीएचके, आणि भाडेकरू म्हणजे पगारदार, बदलीचा, दोन-तीन वर्षांत स्वतःहून निघून जाणारा. मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गाचा पैसा पुण्याकडे वळला तो या भाडेकरूवरच्या भरवशामुळे.

नंतर हिशेब बिघडवला करांनी. 2017 च्या अर्थसंकल्पाने भाड्याच्या घरावरचा तोटा (भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त झालं की होणारा) इतर उत्पन्नातून वजा करायला वर्षाला 2 लाखांची मर्यादा घातली. नव्या करप्रणालीत तर तो पगारातून वजाच होत नाही. 2020 मध्ये घरून काम सुरू झालं आणि हिंजवडी-वाकडचे फ्लॅट रिकामे पडले. कार्यालयं उघडल्यावर भाडी पुन्हा चढली. तरी मुंबई असो वा पुणे, ढोबळमानाने वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या थोड्याच टक्क्यांइतकं, आणि गृहकर्जाचा व्याजदर त्याहून बराच जास्त. देखभाल, रिकामे महिने, सोसायटीचं बिनवहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेलं) त्यातूनच जायचं. म्हणून आता तुलना नाशिक आणि नागपूरपर्यंत पोहोचली आहे. तिथे किंमत कमी, पण घर रिकामं झाल्यावर पुढचा भाडेकरू किती दिवसांत मिळेल, हे आधी स्थानिक एजंटकडून काढून घ्यावं लागतं.